एका वेळी एकच गोळा

मंगळवार, ३ तारीख

पोचलो. दोन बसगाड्या, एक भाड्याची जीप आणि मेहुण्याची अखंड बडबड सोसून अखेर वाळवंटाच्या तोंडाशी आलो. आगगाडीचं वेड असलेली इतर माणसं जिवंत गाड्या पाहायला जातात. आम्ही दोघे मेलेल्या मार्गांच्या मयताला जातो. ही फाट्याची लाइन बंद होऊन एकतीस वर्षं झाली. रूळ भंगारात गेले, तारा चोरांनी नेल्या, उरला बावीस किलोमीटरचा भराव. निघताना बायकोनं बजावलंय, माझ्या भावाला धड परत आणा, नाहीतर तुम्हीही तिकडेच राहा. पन्नाशीच्या नवऱ्यापेक्षा पस्तिशीच्या भावाची काळजी जास्त. चालायचंच.

मुक्काम एका म्हाताऱ्या सांधेवाल्याकडे. एके काळी तो इथल्या रुळांचे सांधे बदलायचा, आता कूस बदलतानाही कण्हतो. खोली स्वच्छ, खाट करकरणारी, पंखा केवळ आवाजापुरता. मी भलताच खूश आहे.

बुधवार, ४

स्टेशन पाहिलं. छप्पर अर्धं, तिकीटखिडकीत गुडघाभर वाळू. मास्तरांच्या खोलीत मात्र टोकनयंत्र जागच्या जागी, तांबडी लोखंडी पेटी. एकेरी मार्गाचा कायदा साधा आहे. यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा ज्या ड्रायव्हरच्या हाती, मार्ग त्याचा. पुढच्या स्टेशनच्या यंत्रात तो पडेपर्यंत दुसरा गोळा कुठल्याच टोकाला निघत नाही. एका वेळी एकच गोळा, एकच गाडी. म्हणून टक्कर होत नाही.

मेहुण्यानं मास्तरी थाटात घंटा वाजवली, मूठ फिरवली. गोळा खणकन बाहेर पडला.

तो नाचायचाच बाकी राहिला. मला मात्र कोडं पडलं. पलीकडच्या मास्तरानं कळ दाबून धरल्याशिवाय इकडे गोळा निघत नाही, आणि मधल्या तारा तर कधीच गेल्या. परत आत टाकायला गेलो, यंत्र घेईना.

जेवताना सांधेवाल्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, काढलात ना, आता पोचवा. गोळा बाहेर ठेवून झोपू नये. मेहुणा हसला. म्हणतो, भाऊजी, उद्या मीच चालत पोचवतो, एकतीस वर्षांनंतरची पहिली गाडी म्हणजे मी. वजनाच्या मानानं ते खोटं नाही. माझा गुडघा दुखतोय, मी रस्त्यानं जीप घेऊन पलीकडे जाईन.

गुरुवार, ५

मेहुणा उजाडताच निघाला. खांद्याला पिशवी, पिशवीत गोळा, तोंडानं इंजिनाची शिट्टी. वळून हात हलवला.

मी दुपारी पलीकडच्या स्टेशनवर. स्टेशन कसलं, नुसता चौथरा. भिंत नाही, यंत्र नाही. यंत्राच्या जागी चार गंजके बोल्ट. मग कळ कुणी दाबली?

संध्याकाळ झाली. मेहुणा आला नाही.

शुक्रवार, ६

पोलिसांनी दोन जीपा घेऊन सगळा भराव पालथा घातला. दहाव्या किलोमीटरपर्यंत त्याच्या पावलांचे ठसे आहेत. पुढे नाहीत. ठसे वळलेले नाहीत, पुसलेले नाहीत, संपलेले आहेत. फौजदार म्हणाला, वाऱ्यानं गेले असतील. वारा परवापासून पडलाय.

बायकोचा फोन. त्याला रेंज नाही म्हणालो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिला माझं खोटं लगेच कळतं. तिनं फोन ठेवला.

शनिवार, ७

सांधेवाल्यानं आज तोंड उघडलं. लाइन बंद झाल्यावरही यंत्राची घंटा अधूनमधून वाजते म्हणे. त्यानं कधी हात लावला नाही. मला म्हणाला, मूठ फिरवून बघा. अडली तर तो अजून वाटेत आहे. गोळा निघाला, तर पोचला समजा. यंत्र खोटं बोलत नाही.

स्टेशनवर जाऊन फिरवली. गोळा निघाला.

मी रडलो. पोचला. जिवंत आहे. कुठे पोचला, हे विचारायचं सुचलंच नाही.

रविवार, ८

पहाटे बायकोला खरं सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, घेऊन या त्याला.

सात वाजता निघालो. वही खिशात, गोळा हातात. हा हातात आहे तोवर मार्ग माझा. पुढून काही येणार नाही, मागून काही येणार नाही. कायदा आहे तसा. गुडघ्याला हेच समजावत चाललोय.

आठवा किलोमीटर. वाळूत रूळ. शुक्रवारी नव्हते. भंगारात विकल्याचे कागद मी स्वतः पाहिलेत.

नववा. गंज नाही. माथा चकचकीत. रोज चाकं फिरली तरच रूळ असा —

दहावा. त्याची पिशवी. रुळांच्या मधोमध. हात घातला. जड, गार —

गोळा. त्याचा. म्हणजे तो पोचलाच नाही. त्याचा इथे, माझा हातात. दोन. दोन निघूच शकत नाहीत. मग काल मला मार्ग मोकळा कुणी —

रूळ गुणगुणतोय.

उतरायचंय. पाय उचलत नाही. दोन्ही गोळे डाव्या हातात, सुटत नाहीत — पिशवीवर वही टेकवून, उजव्यानं कसंबसं —

मेहुणा. समोर. पन्नास पावलांवर. तोच शर्ट. अंगभर वाळू. दोन्ही हात डोक्यावर उंच धरलेत. रेल्वेच्या भाषेत, थांबा.

थांबलोच आहे रे बाबा.

तरी हात खाली घेत नाही. जोरजोरानं — तो माझ्याकडे बघतच नाहीये. माझ्या खांद्यावरून, मागे —