साठच्या पुढे

अण्णा, गाडी घेतली. पांढरी, चार दारांची, तुमच्या गाडीसारखीच मागे डिकी असलेली. फरक इतकाच की हिला टर्बो आहे आणि गिअरच्या मागे एक गोल बटण आहे. ते फिरवलं की तीच गाडी तीन तऱ्हांनी चालते: इको, नॉर्मल, स्पोर्ट. शोरूममधला माणूस म्हणाला, "मॅडम, जैसा मूड वैसा मोड." मी समजल्यासारखी मान हलवली. तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसला निघताना त्या बटणावर हात ठेवून मिनिटभर बसते, आणि माझा मूड कोणता तेच मला कळत नाही. इकोमध्ये पाय दाबला तरी गाडी आधी जरा विचार करते. एसीसुद्धा हात राखून गार करतो. स्पोर्टमध्ये समोरचे आकडे लाल होतात, स्टिअरिंग जड होतं. पाय दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग कुणीतरी पाठीला तळहात लावून ढकलावं तशी ती सुटते. मला ते आवडतं. आवडलं की लगेच इकोवर आणते.

तुमच्या वेळी हे सगळं तुम्हीच करायचात. बंजारा हिल्सचा चढ आला की एसी बंद. उतार लागला की पाय वर. आपल्या गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून गाडी आवाज न करता फाटकापर्यंत आणायचात. नव्या कंपन्यांच्या गाड्या तेव्हा कुठे रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या, आणि आपल्या गल्लीत पहिली तुमची आली. तुमचं हळू चालवणं पाहून शेजारचे काका चिडवायचे, "अहो, गाडी आणलीत की पाळणा?" तुम्ही नुसते हसायचात.

त्या वेळचा एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मी एकोणीस वर्षांची आहे. टँक बंडवर गाडी मी चालवते आहे, तुम्ही शेजारी. पुढची बस धूर सोडते आहे. मी तुम्हाला न विचारता गाडी बाहेर काढते, पाय दाबते, बस मागे पडते आणि मला मोठ्यानं हसू येतं. तुम्ही म्हणता, "बाजूला घे." आपण जागा बदलतो. घरी आई अंबाडी निवडत बसलेली असते. मी तिथंच उभी असताना तुम्ही तिला सांगता, "हिला सांगून ठेव, साठच्या पुढे ही गाडी थरथरते." आई मान वर न करता म्हणते, "मग दुरुस्त करून घ्या की. पोरीला काय सांगायचं त्यात?" तुम्ही हात धुवायला निघून जाता. त्यानंतर किल्ली मला एकटीला कधी मिळाली नाही. आबिड्सच्या पोस्टात जायचं असलं तरी तुम्ही शेजारी, तुमचा उजवा पाय तिथं नसलेल्या ब्रेकवर. वर्षभरात तुम्ही गेलात.

गाडी विकायचं ठरलं तेव्हा मी ती तुमच्या नामपल्लीच्या मिस्त्रींकडे नेली. म्हटलं, "चाचा, साठ के आगे थरथराती है, देख लो." ते हातातला पाना ठेवून हसायलाच लागले. "कौन बोला? साब तो विकाराबाद के रोड पे सौ पे लेको जाते थे, बेटा. अकेले रैते तो ऐसाइच चलाते थे. मेरे कू बोलते, घर में नक्को बोलो."

अण्णा, मग आमच्याबरोबर गाडी चालवायचे ते कोण होते? पुष्कळ वर्षं मला वाटायचं, तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून मी चिडलेली आहे. आता वाटतं, तुम्ही एकटे असताना मजेत होता, याचाच मला जास्त राग होता. कधी वाटतं, तुम्ही फक्त घाबरला होता. यातलं एक धरलं की दुसरं निसटतं.

गेल्या रविवारी तुमची नात, जिला तुम्ही पाहिलं नाही, किल्लीसाठी हात पुढे करून उभी राहिली. एकोणीस वर्षांची. पहिल्यांदाच एकटी, रिंग रोडवरून मैत्रिणीकडे. "आई, स्पोर्टमध्ये नेऊ?"

"नको. स्पोर्टमध्ये हिचं स्टिअरिंग थरथरतं."

"नव्या गाडीचं? कैकू?"

"सर्व्हिसिंगला सांगायचंय."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "लाइट घे ना, आई, टेन्शन नको, इकोमध्येच नेते," आणि गेली. मी फाटकात उभी. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला खरंच माहीत नाही. संध्याकाळी ती परत आली, किल्ली टेबलावर ठेवली आणि आत गेली.

हे पत्र गाडीच्या कागदांच्या पाकिटात ठेवणार आहे. तिला मराठी अक्षर लावायला फार वेळ लागतो, त्यामुळे तिथं ते बरं राहील.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मिस्त्रींनी किल्ली परत देताना म्हटलं होतं, "यकीन नै है तो खुद चला के देख लो." मी टँक बंडवरूनच परतले. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, शेजारची सीट रिकामी. काटा अठ्ठावन्नला आला तेव्हा मी पाय उचलला.