मलिद्याचे पोहे

श्रीवर्धन तालुका, रविवार

प्रिय एलिझर,

टेकडीवरच्या नव्या घराचा फोटो पोचला. लाल कौलं, खाली जैतुनाची झाडं, दारात लीआवहिनी. गृहप्रवेशाच्या प्रार्थनेला पोहे-नारळाचा मलिदा करायचाय, त्यासाठी गावचेच पोहे हवेत, गावी आलेली रिबेका तिकडे परतेल तिच्याबरोबर पाठव, असं लिहिलंस. तुझ्या आईने मलिद्याचं ताट आमच्याकडे धाडलं नाही असं एक वर्ष आठवत नाही. मी लगेच गिरणीवर जाऊन दोन किलो घेऊन आलो. दुसरं पान त्यानंतर वाचलं, ही माझी चूक.

दुसऱ्या पानावर तू सहज लिहितोस की वसाहत इस्रायलच्या हद्दीपलीकडे आहे, वेस्ट बँकेत. पण घाबरायचं काही नाही, युरोपवाले बोलतात फार, करत काही नाहीत.

खरं आहे रे, मेल्या. म्हणून तर डोकं फिरलं. पॅलेस्टिनींच्या जमिनीवरच्या या वसाहती बेकायदा आहेत हे ते किती वर्षं सांगताहेत! नवी घरं मंजूर झाली की यांना ‘तीव्र चिंता’ वाटते. चिंता जुनी झाली की ‘निषेध’. चार दांडगट वसाहतवाल्यांना प्रवेशबंदी केली. खजुराच्या खोक्यावर ‘वसाहतीचा माल’ असं छापायला लावलं, म्हणजे खाणाऱ्याने माहीत करून घेऊन खावा. एखाद-दोन देशांनी तो माल बंद केला, काहींनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली. बाकी युरोपच्या सत्तावीस देशांत एकमत होईना, म्हणून व्यापार चालू आणि चिंताही चालू.

मला हे कळतं, कारण तुझी इथली सुपारीची वाडी मी सांभाळतो. पाच वर्षांपूर्वी शेजारच्या भिकूने तुझ्या सुपारीत दोन हात दगडी गडगा सरकवला, ते तुला कळवलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, “मालक हाय कुठं? वाडी मोकलीच पडली ना!” मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. पंचायतीने गंभीर दखल घेतली. सरपंच पाहायला आले, हळहळले, भिकूकडे चहा प्यायले आणि जाताना त्याच्याच सुपाऱ्या पिशवीत घालून गेले. पुढच्या महिन्यात गडगा आणखी चार हात आत!

शेवटी मी, चांगदेव आणि केसरवहिनीने तो दगड दगड करून उतरवला. चांगदेवला शनिवारी सुट्टी होती, पण मी रविवार धरला. तुझ्या आजोबांचा तेलाचा घाणा शब्बाथ पाळून कधी शनिवारी फिरला नाही. त्यांच्या जमिनीत त्या दिवशी पहार कशी मारू? भिकू अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

आणि आता तू लिहितोस, टेकडी मोकळीच होती. अरे, मग ती जैतुनं काय पाखरांनी ओळीत लावली? कोणीतरी लावली, पाणी घातलं. तो आता कुठे आहे, त्याच्या बाजूने गडगा उतरवायला कोण आहे, हे एकदा विचार. युरोपला विचारू नकोस, ते चिंतेत आहेत. खाली उतरून विचार.

रिबेका मंगळवारी निघते. तिच्या हाती हे पत्र देतोय. पोहे मात्र माझ्याच घरी डब्यात ठेवलेत. हद्दीअलीकडे कोंबडीच्या खुराड्याएवढं घर घे, मी पोहे आणि नारळ घेऊन स्वतः येतो. या घरासाठी पाठवणार नाही. तुझ्या आईच्या ताटात जेवलोय म्हणून.

तुझ्या वाडीची चावी अजून कमरेला लावून फिरणारा,
तुझाच
शिवदास