डावीकडून येणारा आवाज

८ नोव्हें., शनि.
दिवाकरचं पार्सल आलं. नरखेडहून एसटीने, संत्र्याच्या पेटीत. वर संत्री, खाली पेपरात गुंडाळलेला अॅम्प्लिफायरचा बोर्ड. सगळा हाताने जोडलेला. उष्णता खेचणारं हीटसिंक एवढं जड की तव्याच्या जागी चालेल. सोबत चिठ्ठी : ‘मापारी, हा शेवटला. हात थरथरते आता. तुझ्या बर्डीच्या बाजारातल्या रेडीमेड बोर्डासोबत तोलून सांगजो. माझं मन राखू नको.’
कळमना मार्केटातला तोलाईचा काटा सोडून अकरा वर्षं झाली, याच्यासाठी मी अजून मापारीच. चाळीस वर्षांपूर्वी हा संत्री घेऊन आला, मी तोलत होतो. पोत्यावर बसून रेडिओच्या गोष्टी निघाल्या, त्या अजून संपल्या नाहीत.
संत्री गोड. एकट्याला पेटीभर म्हणजे जास्तच.

९ नोव्हें., रवि.
दोन्ही बोर्ड एका सप्लायवर घेतले, मध्ये स्विच. अ म्हणजे रेडीमेड, ब म्हणजे दिवाकर.
पण तोलायला माणसं दोन लागतात. एक ऐकणारा, एक स्विच फिरवणारा. ऐकणाऱ्याला माहीत नसावं कोण वाजतंय. बायको होती तोवर हे काम कुसुमचं. मागे बसून मेथी निवडायची, मधेच स्विच फिरवायची, ‘आता सांगा’ म्हणायची. एकदा मी बारा वेळा फरक सांगितला. हा मोकळा, तो कोंडलेला, याची ढोलकी भरीव. शेवटी म्हणाली, ‘मी तं स्विचले हातच नाही लावला.’ हसून हसून मेथी सांडली.
आज स्वतःच उठलो, डोळे मिटून फिरवला, येऊन बसलो. काही उपयोग नाही. बोटाला कळतंच.

१० नोव्हें., सोम.
मग बुद्धविहारातली कॅसेट लावली. आमच्या बायांचं गाणं, दिवाकरनेच दोन माइक टांगून भरलेलं. कुसुम डावीकडून दुसरी. इतर कशाने तोलायची गरजच नाही.
अ : आवाज जरा टोचरा, पण कुसुम येते.
ब : उजवीकडच्या बाया अशा की समोर येऊन बसल्या. डावीकडे मात्र गोधडी टाकल्यासारखं. कुसुम जवळजवळ नाहीच.
तीन वेळा ऐकलं. तेच.
फोन केला. मन राखू नको म्हणाला होता, नाही राखलं. ‘डावी बाजू दबली गा. एखादं सोल्डर कच्चं राहिलं असन. रेडीमेड जिंकला.’ तो मग म्हणाला, ‘बरं. पाठवून दे.’ जेवण झालं का विचारलं नाही. नेहमी विचारतो.

१२ नोव्हें., बुध.
बोर्ड परत पाठवला. त्याच पेटीत, त्याच पेपरात. खरं तेच बोललो.

१७ नोव्हें., सोम.
दि.चा फोन नाही. मीही नाही केला. आज बोललेली माणसं : दूधवाला. तोही पैसे मोबाइलवर घेतो, त्यामुळे ‘झालं’ एवढंच.

२० नोव्हें., गुरु.
रेडीमेड बोर्ड रोज ऐकतो आहे. पहिले दोन दिवस बरा वाटला. आता वाटतं याचीही डावी बाजू कमी. टोचरेपणामुळे तेव्हा लक्षात आलं नसेल?
दोन वेगळ्या हातांचे बोर्ड, दोघांची डावीच बाजू कशी नासली?

२१ नोव्हें., शुक्र.
स्पीकर अदलाबदल केले. डावं ते डावंच. पडद्यामुळे आवाज जिरत असेल म्हणून पडदा काढला. काही नाही, फक्त शेजारच्यांना माझी लुंगी दिसली.

२३ नोव्हें., रवि.
वरच्या मजल्यावरच्या शोभाबाई डबा परत द्यायला आल्या. मी खुर्चीत, दार डावीकडे. त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा दचकलोच.
‘केव्हाची आवाज देऊन राहिली, भाऊ. तुमी पाहूनच नाही राहिले.’
म्हटलं, गाणं चालू होतं.
‘गाणं तं केव्हाचं संपलं. परवा जिन्यातही असंच केलं तुमी. मले वाटलं, रागावले.’
त्या गेल्या. कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली. खुर्ची उचलली, उलटी ठेवली, स्पीकरकडे पाठ करून बसलो.
कुसुम. लख्ख. दुसऱ्या ओळीच्या आधी ती घेते तो श्वाससुद्धा.
आणि गोधडी गेली दुसऱ्या बाजूच्या बायांवर.
काटा खरा की खोटा, हे नव्या पोरांना मीच शिकवायचो. माल या पारड्यातून त्या पारड्यात टाका, वजन बदललं तर काटा खोटा. जन्मभर दुसऱ्यांचे काटे पकडले. इथे स्पीकर फिरवले, पडदा काढला, मापारी तेवढा फिरवला नाही. आणि दि.चा बोर्ड तर कशाचीच अदलाबदल न करता परत पाठवला. हात थरथरतात हे वाचलं होतं ना. निकाल तिथेच झाला होता.

२४ नोव्हें., सोम.
सकाळीच नरखेडला फोन. त्याच्या सुनेने घेतला. म्हणाली, ‘बाबांनी पेटी उघडली आन् त्याच दिवशी बोर्डाचे सगळे पार्ट उखडले. डब्यात भरून माळ्यावर टाकले. म्हणे, आपल्याच्यानं होत नाही आता.’
त्याला द्यायला लावला. सगळं सांगितलं. डावा कान, उलटी खुर्ची, शोभाबाई. बोर्डात काही खोट नव्हती, माझ्यात होती.
ऐकून घेतलं. मग, अगदी हळू :
‘माझी समजूत काढून राहिला काय?’
नाही गा, म्हटलं.
‘इतकी वर्षं काट्यावर खोटं नाही बोलला. आता काहून बोलतं?’
ठेवला.

२५ नोव्हें., मंगळ.
दोनदा लावला. सून म्हणते, बगीच्यात गेले. संत्री तोडून झाली, आता बगीच्यात काय असतं.
खरं वाईट बोललो तेव्हा लगेच पटलं. खरं चांगलं बोललो, तर खोटं ठरलो.

२७ नोव्हें., गुरु.
शोभाबाई सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे नेणार म्हणतात. कागद मिळेल, तो दाखवता येईल. पण कागदाने मानणारा माणूस नाही हा.
माझे हात अजून स्थिर आहेत. काल जुन्या बोर्डावर दोन तारा जोडून पाहिल्या, टाका सुरेख बसला. त्याचे कान शाबूत. तो सांगेल, मी जोडीन. पार्ट तेच, माळ्यावरच्या डब्यातले. शेवटला बोर्ड त्याचाच राहील.
तो माळ्यावर चढू देईल का, प्रश्न आहे.

२८ नोव्हें., शुक्र.
उद्या सकाळची नरखेड एसटी. त्याला कळवलं नाही, कळवलं तर बगीच्यात जाईल.
पिशवीत सोल्डरिंग आयर्न, सोल्डरचं रीळ, कॅसेट. शोभाबाईंनी तिळाची चटणी दिली आहे, त्याच्यासाठीही.
ओसरीवर त्याची बाज असते. जाऊन त्याच्या डाव्या हाताला बसायचं, म्हणजे माझा उजवा कान त्याच्याकडे राहील. बोललाच काही, तर ऐकू यायला पाहिजे.