गिनतीतला चौथा

३ सप्टेंबर २००१, सोमवार
आजपासून विंचूरच्या कांदा गोदामावर नोकरी. फौज सोडल्यावर सहा महिने घरी बसून होतो. डबा घेऊन निघालो तेव्हा बायको, सरिता, कितीतरी दिवसांनी हसली. दिवसपाळीला आम्ही तिघे पहारेकरी, भिकन, गेणू आणि मी. तिघेही माजी सैनिक. गेल्या वर्षी एक हमाल आत कोंडला गेला, म्हणून मुकादम लहानू संध्याकाळी दाराबाहेरून आमची गिनती घेतो. नुसता आवाज ऐकतो, तोंडं बघत नाही. आकडा जुळला की सोडतो आणि कुलूप लावतो. आम्ही फौजेसारखी मोठ्याने देतो. मी शेवटचा, तीन. इथे बरं वाटेल.

५ सप्टेंबर
मी तीन म्हटल्यावर मागून चार आलं. मागे फक्त गोण्यांची थप्पी. लहानू म्हणाला, "काय फौजी, तिघांत चार? साळंत गेलते ना?" भिकन हसला. अर्धा तास आत ठेवलं.

८ सप्टेंबर
रोज चार येतं. आवाज धम्मपालचा आहे.
कारगिलच्या लढाईत द्रासला एकाच तोफेवर होतो; गिनतीत तो चौथा, मी पाचवा. गोळाबारीनंतर साहेबांनी अंधारात गिनती मागितली. धम्मपाल बोलला नाही. न विचारता पाण्याला गेला असेल, शिक्षा होईल, म्हणून त्याच्या आवाजात चार मीच म्हटलं, मग माझं पाच. आकडा जुळला. कोणी शोधलं नाही. सकाळी दगडांखाली सापडला. नखं तुटलेली होती.

९ सप्टेंबर, रविवार
देवळाली कॅम्पला त्याच्या आईकडे गेलो. सांगायचंच ठरवून. यशोदाबाईंनी चहा दिला आणि विचारलं, "लेकाला लय तरास नाय ना झाला?" मी नाही म्हटलं.
पुढच्या रविवारी सांगेन.

१२ सप्टेंबर
पाऊण तास आत. लहानू चिडला. भिकन, गेणू आता माझ्याशेजारी उभे राहत नाहीत, सुटले की मागे न बघता निघून जातात.

१४ सप्टेंबर
आज मी तोंडच उघडलं नाही. तरी तीन आलं. माझ्या आवाजात. चार आलं नाही. आकडा जुळला, लहानू खूश.

१५ सप्टेंबर, शनिवार
मागच्या कोपऱ्यात एकटाच होतो, थप्पी कोसळली. छातीपर्यंत गोण्या. एक हात मोकळा. जाळीतून उजेड आहे म्हणून लिहितो. आवाज फुटत नाही —
उद्या सुट्टी. उद्या सांगणार होतो.
सहा वाजले. दारात गिनती. भिकन, एक. गेणू, दो.
मी ओरडतोय, नुसता श्वास —
तीन. माझाच आवाज.
लहानू म्हणतोय, चला, जुळली.
कुलूप.
यशोदाबाई, त्या रात्री धम्मपालच्या जागी चार मी —