लिफ्टमधलं गुलाबी औषध

६ जून २०१६
ईराला हॉस्पिटलमधून घरी आणलं. पाच वर्षांची पोर, आणि आता जन्मभर इन्सुलिन. सा.बां.चा पुण्याहून फोन. "चॉकलेटं दिलीत ना हवी तेवढी!" टाइप वन गोड खाऊन होत नाही, हे पुन्हा सांगितलं. ऐकायचंच नाही त्यांना. फोन निखिलच्या हातात कोंबला. तुझी आई, तू समजाव.

९ जून
डॉ.ना विचारलं, मार्चमध्ये हिला हॅन्ड-फूट-माउथचे फोड आले होते, त्या तापातूनच का हे? म्हणाले, अशा व्हायरसचा संबंध असू शकतो, पण एका मुलीबाबत ठाम कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित आत आधीच सुरू झालं असेल.
कदाचित म्हणे. मला नाव हवंय.

१४ जून
मिळालं. सकाळी टोचताना ईरा रडत, इथल्या पोरांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "नीडल डोन्ट वॉन्ट लाह! अर्णवसारखं पिंक मेडिसिन दे. त्याची मम्मी लिफ्टमध्ये देते, देन टीचर चेक, नो फीवर."
अर्णव म्हणजे वरच्या मजल्यावरच्या सोनालीचा. दोघं एकाच चाइल्डकेअरमध्ये. तिथे दारात रोज ताप बघतात, म्हणून ही बया आधीच तापाचं औषध पाजून पोराला आत ढकलणार! मार्चमध्ये फोड आधी त्यालाच आले होते. मग ईराला.
नि. म्हणतो, "अगं, कुठूनही आलं असतं. प्लेग्राउंड, एमआरटी ट्रेन..." याला सगळ्यांचा पुळका.

२० जून
कॉन्डोतल्या मराठी ग्रुपवर सोनाली : "ईरा कशी आहे? डबा पाठवू का?" करून सवरून नामानिराळी. सगळ्यांदेखत विचारलं, मार्चमध्ये अर्णवला ताप असताना औषध पाजून पाठवलंस ना? सगळ्यांनी वाचलं.
नि. म्हणतो, माफी माग. मी?

२५ जून
आत्ता सोनाली आली होती. आत ये म्हटलं नाही. दारातच म्हणाली, "हो, पाठवलं. नोकरी नवी, रजा नव्हती. साधा ताप वाटला गं."
झालं, कबूल केलं. आता तरी बरं वाटायला हवं होतं. शष्प वाटलं नाही.
मग म्हणाली, "माझ्यामुळेच झालं का हे? डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग, मला घास उतरत नाहीये."
डॉ.चं बोलणं शब्द न् शब्द पाठ आहे मला. एका वाक्याचं काम होतं.
दार लावून घेतलं.
आत येऊन लिहायला बसलेय. लिफ्टचा आवाज अजून आलेला नाही. ती बाहेरच उभी असणार.