हरल्याचे पेढे

चिखली, २४ नोव्हेंबर २००५

ती. सौ. सिंधूताईस,
महादेवाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोन केला असता तर तू हसून वेळ मारून नेली असतीस, म्हणून लिहितो. ताई, माझी मती गुंग झाली आहे. काल रंगरावच्या मुलीच्या लग्नात मलकापूरचे जहांगीरभाई भेटले. माझं नाव ऐकताच त्यांनी मिठी मारली आणि साऱ्या मांडवाला सांगितलं, की शाळेत असताना बुलढाण्याची बास्केटबॉलची फायनल आमच्या मलकापूरच्या संघाला याच माणसानं जिंकून दिली!

शेवटचा बास्केट मी टाकला होता, हे मी ठासून सांगितलं. तुम्हीच टाकला, पण आमच्यासाठी, असं म्हणून ते पोट धरून हसले.

आपल्या शाळेत खांब एकच. दोन्ही संघ त्याच रिंगमध्ये चेंडू टाकायचे. बुलढाण्याला दोन खांब पाहून एक जास्तीचा असेल असं मी धरून चाललो. हाफटाइमनंतर बाजू बदलतात हे मला कोणी सांगितलं होतं? आपलीच पोरं माझा बनियन ओढत होती, मला वाटलं कौतुकानं. चेंडू टाकला, डोकं खांबावर आपटलं, आणि जाग आली ती दवाखान्यात. तिथं बाबांनी सांगितलं की आपण जिंकलो.

ताई, मी ही गोष्ट किती लग्नांत, किती पंगतींत सांगितली असेल! लोक ती कशी ऐकून घेत होते? तुला माहीत होतं का?

कपाशीचं विचारू नकोस. यंदा तूर-ज्वारी पेर म्हणून घसा कोरडा केला, पण गणेशनं बीटीच लावली. सगळी लाल्या रोगानं गेली. दिवाळीपासून मी त्याच्याशी बोलत नाही. पोटचा पोर असला म्हणून काय झालं?

लोभ आहेच, पण आधी जाब दे.

तुझा,
महादेव

जळगाव जामोद, २९ नोव्हेंबर २००५

चि. महादेवास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हो, माहीत होतं. मलाच काय, आपल्या गल्लीतल्या शेळ्यांनाही माहीत होतं.

तू शुद्धीवर आलास आणि पहिलं हेच विचारलंस, की जिंकलो का. याच्या मनाला त्रास नको, असं डॉक्टर बजावून गेले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले. जन्मात खोटं न बोललेला माणूस! मग त्यांनाच धास्ती पडली, की पोरं चिडवतील आणि हा शाळा सोडेल. त्यांनी पेढे आणले आणि दारोदार फिरले. पेढा हातावर ठेवून प्रत्येकाला विनवत होते, की माह्या पोराले जिंकला असंच म्हणा. मी ताट धरून मागं होते. लोकांनी पेढा खाल्ला आणि शब्द पाळला. आणि तू डोक्याला पट्टी बांधून ओसरीवर मिरवत होतास!

बाबांनी जन्मात एकदाच कौतुक केलं, तेही जिंकलो म्हणून, असं तू नेहमी म्हणतोस. महादेवा, ते जिंकल्याचे पेढे नव्हतेच रे.

परवा सूनबाईचा, प्रेरणाचा फोन आला होता. गणेश धड जेवत नाही, दिवसभर त्या वाळल्या शेतात बसून असतो म्हणाली. मला फार भीती वाटते. तुझ्या डोक्याला लागलं ते सगळ्यांना दिसलं. त्याला लागलंय ते बापानं पाहायचं नाही तर कोणी?

रागावलास तरी चालेल, पण पत्र टाक.

तुझी,
सिंधूताई

चिखली, ५ डिसेंबर २००५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी थिजलो. बाबा दुसऱ्यांच्या दारात हात जोडून उभे, तेही माझ्यासाठी! अजून खरं वाटत नाही.

सकाळी बाजारातून पेढे घेतले आणि शेतात गेलो. गणेश कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटत होता. मी नुसता पुडा पुढं केला. तो घाबरलाच. कायचे पेढे, म्हणून विचारू लागला. मी सांगितलं, हरल्याचे. तुह्या आजानं माहे वाटले होते, आज मी तुहे वाटून राह्यलो. बापाचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असणार. मग बांधावर बसवून त्याला सगळं सांगितलं. दोन खांब, ओढलेला बनियन, सगळं. तो हसत सुटला. हसता हसता रडायला लागला, आणि मीही. मग आम्ही दोघांनी मिळून पऱ्हाटी उपटली.

पुड्यात एक पेढा राखून ठेवला आहे. तो तुझा. ताट तूच धरलं होतंस ना! लवकर ये.

तुझा धाकटा,
महादेव