शिसं मातीला चिकटवताना

३ जून, सकाळी
आजपासून आयुष्याला शिस्त. लॅबमध्ये महिनाभर ट्रायल, मग कायम. भाऊजींनी शब्द टाकला म्हणून घेतलं. ताईने बजावलंय, ही तुझी चौथी नोकरी. ही गेली की सामान बांधायचं आणि बाबांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत बसायचं. म्हटलं, बघच तू.

३ जून, संध्याकाळी
काम फारच सोपं निघालं. पाण्यात विरघळलेलं शिसं खनिजाच्या पिवळ्या पुडीला चिकटतं. पूड गाळली की पाणी स्वच्छ. सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबात असतं ते, थोडं घातलं की शिसं आणखी चिकटतं. अॅसिड वाढवत नेलं की काय होतं, ते लॅबच्या मॅडमना बघायचंय. पाच बाटल्या, पाच प्रमाणं. मॅडम म्हणाल्या, जे दिसेल ते लिहा, डोकं चालवू नका. माझं डोकं त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

५ जून
मॅडम कॉन्फरन्सला गेल्या. बाटल्या हलवणाऱ्या मशीनवर लावल्या. मशीन हलतंय तर आपण का बसून राहायचं? शेजारच्या वर्कशॉपमध्ये काचेच्या नळ्या वाकवतात, ते बघायला गेलो. काय कला आहे! खरं तर मी हेच करायला हवं होतं. उद्यापासून शिकणार. परत आलो तर लॅबला कुलूप.

६ जून
काचकाम रद्द. बोट भाजलं.
रीडिंग घेतलं. रीडिंगचं मशीन सांभाळणाऱ्यांना सगळे दादा म्हणतात. पहिल्या तीन बाटल्या एक नंबर. अॅसिड वाढेल तसं पाण्यातलं शिसं कमी. चौथीत मात्र वाढलं. पाचवीत तर जवळपास सगळं पाण्यात परत! म्हणजे माझ्याच हातून काहीतरी गडबड. दादा म्हणाले, अरे, आलंय तसं लिही की. त्यांना काय जातंय बोलायला, ते कायम आहेत. चौथी-पाचवी वेस्टच्या कॅनमध्ये ओतली, रीडिंग पुसलं.

९ जून
पुन्हा तेच. पूड कमी पडत असणार. डबल घातली. तरी तेच. मग पंखा बंद करून पाहिलं. तेच, वर घाम. दादा म्हणाले, आता दिवा मालवून बघ.

११ जून
मोठा विचार सुचला: घरोघरी लिंबू-फिल्टर. कंपनीचा लोगो काढण्यात दुपार गेली, पण झालाय झकास. पुडीचा डबा तळाला आलाय.

१३ जून
डबा रिकामा. पण घाबरायचं कारण नाही. तीन बाटल्यांची रेघ आलेखावर इतकी देखणी उतरते आहे की स्केल लावून तीच पुढे ओढली. पाचव्या बाटलीत शिसं शून्याच्याही खाली जातं. म्हणजे पाण्यात नव्हतं तेवढंही निघालं. क्रांतीच ही!

१५ जून, दुपारी
मॅडम आल्या. माझी रेघ बराच वेळ पाहिली. मग विचारलं, शेवटच्या दोन बाटल्यांत शिसं पाण्यात परत नाही आलं? म्हणाल्या, थोडं अॅसिड शिशाला पुडीशी बांधतं. जास्त झालं की तेच शिशाला धरून पाण्यात ठेवतं. ते कुठून उलटतं, एवढंच तर बघायचं होतं.
मी उडालोच. म्हटलं, मॅडम, पहिल्याच रीडिंगला अगदी तसंच आलं होतं!
मग कुठे आहे, म्हणाल्या.
दादा खिडकीबाहेर बघायला लागले.
मग मॅडमनी पुडीचा डबा मागितला. ती पूड त्यांनी उन्हाळाभर खपून स्वतः बनवली होती म्हणे. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाल्या.

१५ जून, संध्याकाळी
ताईने दारातच विचारलं, काय म्हणाल्या मॅडम? म्हटलं, माझं उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर आलं होतं. यात शब्दही खोटा नाही. पुढचं सांगणारच होतो, पण तिने भाऊजींना हाक मारली, लगेच बाबांना फोन लावला, तोही स्पीकरवर. बाबांचा आवाज चक्क भरून आला. म्हणाले, शाब्बास रे! तुझ्यासाठी म्हणून दुकानात माणूस ठेवत नव्हतो. आता ठेवतो.
मी म्हटलं, ठेवा.